मागचा दोर

कप्तान कधीच कशाचा कप्तान नव्हता. खाडीच्या ह्या काठावरची माणसं बोटीतून त्या काठाला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, एवढाच त्याचा जन्मभराचा दर्यावर्दीपणा. पण गावात ज्याला त्याला टोपणनाव ठेवायचा मक्ता त्याने स्वतःकडे घेतला होता, आणि दुसऱ्या कुणाला काही सुचायच्या आत स्वतःचं नाव स्वतःच ठेवून मोकळा झाला होता. काडीसारख्या शाळामास्तरांना त्याने ‘टाचणी’ केलं. कुठलंही काम आज न करणारा सुतार ‘उद्या’ झाला. त्याच्याच बोटीवरचा खलाशी पायरीसुद्धा विचार करून उतरायचा, तो ‘सावकाश’ झाला. ही नावं एकदा चिकटली की खऱ्या नावाचा कुणाला पत्ता राहायचा नाही. नव्या पोस्टमनने एकदा सुताराचं पत्र हातात धरून विचारलं, हे कुणाचं हो? कुणीतरी म्हणालं, उद्याचं आहे ते. पोस्टमनने मान डोलावली आणि पत्र परत पिशवीत टाकलं.

आणि धक्क्यासमोरच्या दुकानात ताडपत्र्या, बोटींची छतं आणि गणवेश शिवणाऱ्या बाईचं नाव कप्तानाने ठेवलं ‘पनवती’.

बाकीच्यांची नावं चेष्टेतली होती. हिला मिळाली ती शिक्षा होती, तीही दुसऱ्याच्या गुन्ह्याची.

ती तेव्हा विशीतली होती आणि सावकाशशी तिचं लग्न ठरलं होतं. कप्तानाने नवी बोट आणली. पहिल्या फेरीला सगळं गाव धक्क्यावर लोटलं. सावकाशने मोठ्या हौसेने तिला बोटीत नेलं आणि अगदी मागच्या फळीवर बसवलं. फळी ओली होती. “थांब, तुला बसायला काहीतरी आणतो,” म्हणून तो गेला, आणि आपल्या नावाला जागला. मागचा दोर सोडायचं काम त्याचं होतं. तो दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंटाला तसाच बांधलेला तिला समोर दिसत होता. पुढे कप्तानाने इंजिन चालू केलं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या लोकांसमोर, नव्या बोटीच्या पहिल्याच फेरीला, कालपरवा लग्न ठरलेल्या मुलीने कप्तानाची चूक दाखवायची? बिचाऱ्याचं हसं होईल. असा तिने विचार केला. कप्तानावर कुणी केलेले उपकार मोजायचे झाले तर हा पहिला.

दोर ताणला. बोटीवरचा खुंट फळीसकट उपटून निघाला, पाणी आत शिरलं, आणि नवी कोरी बोट धक्क्याला लागूनच कमरेएवढ्या पाण्यात खाली बसली. मेलं कुणी नाही, भिजले सगळे. गाव पोट धरधरून हसायला लागलं. मिशीतून पाणी गळत असलेला कप्तान त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघत राहिला. एक बोट खाली बसली होती, आता दुसरं बोट वर झालं.

“ही पनवती कुणी बसवली माझ्या बोटीत?”

हसणं थांबलं नाही. फक्त त्याचा रोख तिच्याकडे वळला. सावकाश धक्क्यावर येऊन पोचला होता, हातात घडी केलेलं पोतं. त्याने दोर बघितला, कप्तानाकडे बघितलं, मग खाली वाकून खुंटावरचा फास काढला आणि दोर पाण्यात टाकून दिला. आयुष्यात इतक्या चपळाईने त्याने दुसरं काही केलं नाही. हे बघणारी ती एकटीच होती, आणि पुढचे कितीतरी दिवस ती भेटेल त्याला दोराचं सांगत सुटली, तर लोक म्हणाले, “कुठला दोर?” मग सावकाशच्या आईचा निरोप आला, की माझ्या पोराला रोज पाण्यावर जायचंय, आम्हाला ही सोयरीक नको.

तिने शिवणयंत्र घेतलं आणि दुकानाच्या खिडकीशी, धक्क्याकडे तोंड करून मांडलं. वहिनी म्हणायची, “वन्सं, आत उजेड चांगला आहे, तिकडे काय त्या मेल्याचं तोंड बघत बसता?” पण तिला बघायचंच होतं. कारण बोट बुडाली त्या दिवसानंतर तिच्यावर एक नवीन पद्धत सुरू झाली होती. सावकाश मागचा दोर सोडायचा, कठड्यावर थाप मारायचा आणि ओरडायचा, “मोकळं!” तो शब्द कानावर पडल्याशिवाय कप्तान इंजिनाला हात लावायचा नाही. मागे वळून बघणं त्याच्या रक्तातच नव्हतं, म्हणून हे ओरडणं. आता सांगा, पनवतीने बुडालेल्या बोटीचा मालक दोराची एवढी काळजी कशाला घेईल? प्रत्येक फेरीला ते दोघं कबुली देत होते, आणि अख्ख्या गावात ती ऐकणारी एकच बाई होती. “मोकळं!” आलं की तिचा पाय यंत्राच्या पायट्यावर जरा जास्तच जोरात पडायचा. कित्येक सुया तुटल्या.

तेवढ्यावरही कदाचित तिचा राग कधीतरी निवला असता. पण त्या काठाला थोरल्या बहिणीकडे राहायला गेलेली आई अचानक आजारी पडली. निरोप आला, आहेस तशी निघ. ती धावत धक्क्यावर गेली. बोट सुटायच्या बेतात होती. कप्तानाने हात आडवा केला. रागावून नव्हे, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “तू नको गं येऊस. लोक घाबरतात. बसने ये.” बोटीतल्या लोकांनी आपापल्या चपलांकडे बघितलं. बस खाडीला वळसा घालून, पुलावरून, वाटेतली सगळी गावं घेत जायची. ती पोचली तेव्हा आईच्या तोंडावर चादर ओढलेली होती. बहीण म्हणाली, “सारखी विचारत होती, बोट आली का?”

त्या दिवसापासून तिने डूख धरला. नीट, निगुतीने धरला.

तिला त्याचा जीव नको होता. जीव काय, आज ना उद्या सगळ्यांचाच जातो. तिला त्याचं नाव हवं होतं. गावाने त्याला हाक मारावी आणि ती हाक ऐकून त्याला जमीन दुभंगेल तर बरं असं वाटावं, रोज, दूध आणायला जातानासुद्धा. पण नाव ठेवणं सोपं नसतं. तिने प्रयत्न करून बघितले. गिऱ्हाइकांसमोर ती सहज म्हणून त्याला ‘फुगा’ म्हणाली, एकदा ‘मिशीवाला मासा’ म्हणाली. लोक तोंडदेखलं हसले आणि बाहेर पडल्यावर ‘राम राम कप्तान’ म्हणाले. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आधी ठरवून आणलेलं नाव चिकटत नाही. ते एकाच शब्दाचं लागतं, सगळं गाव समोर लागतं, आणि ज्याला ठेवायचं त्याच्याकडे त्या घटकेला उत्तर नसावं लागतं. त्याने तिला तसंच गाठलं होतं. ती पण तशाच घटकेची वाट बघत बसली. केस पांढरे झाले, भाचरं मोठी झाली, ‘आत्या’ म्हणणारी पोरं शहरात नोकऱ्यांना लागली, तरी ती आपली खिडकीशी बसून.

मग नगरपालिकेने नवी मोठी फेरीबोट घेतली. पोलादी, दोन मजली, वर पट्ट्यापट्ट्यांचं छत. पहिली फेरी कप्तान नेणार, धक्क्यावर त्याचा सत्कार होणार, आणि सत्कार झाला की तो सगळं आवरून शहरात मुलीकडे कायमचा राहायला जाणार. वहिनीने ही बातमी आणली तेव्हा तिच्या हातातली कात्री थांबली. म्हणजे हा माणूस कप्तान म्हणून आला आणि कप्तान म्हणूनच निघून जाणार, हार घालून घेऊन. आणि आपण इथे पनवती म्हणून मरणार. तिला त्या रात्री जेवण गेलं नाही.

छताचं आणि गणवेशांचं काम तिच्याकडेच आलं, कारण ते दुसरं कुणाला येत नव्हतं. कप्तानाने मापाला जुना सदरा पाठवून दिला. तो तिच्या दुकानाची पायरी चढत नसे. तिने पांढराशुभ्र कोट शिवला, सोनेरी बटणं लावली. गणवेश एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ती प्रत्येकाच्या कॉलरच्या आत गिऱ्हाइकाचं नाव दोऱ्याने घालायची, आणि अर्थात टोपणनावच घालायची. त्या कोटाच्या कॉलरमध्ये तिने ‘कप्तान’ घातलं. बाकी सगळ्या कोटाला तिने मशीन मारलं होतं, ह्या एका शब्दाला मात्र धावदोरा घातला, ओढला की निघेल असा. सावकाशची पँटही तिनेच शिवली. ती चार बोटं लांब झाली. एवढी वर्षं शिवणाऱ्या बाईच्या हातून चार बोटं चुकून लांब होतात का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

समारंभाच्या सकाळी सावकाश पँटचे पाय वर धरून दुकानात आला. गुडघे धरले होते, डोक्यावर केस नव्हते, आणि चेहऱ्यावर तो तेव्हाचाच कसानुसा भाव.

“अगं, ही पायात येते. लगेच आखूड करून दे.”

“काढून दे. पडद्यामागे जा.”

तो पडद्यामागे गेला आणि पँट बाहेर दिली. बाहेर बँड वाजायला लागला होता. तिने सावकाश, हो, सावकाशच, एक एक टाका उसवायला घेतला.

“लवकर कर गं,” पडद्यामागून आवाज आला. “मागचा दोर माझ्याकडे असतो.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

पडद्याची कड त्याने आतून मुठीत धरली. मग तो हळूच म्हणाला, “आई होती तेव्हा. कप्तानाकडे नोकरी होती. मी काय करणार होतो?”

ह्याच्यावर तिच्याकडे बोलायला पुष्कळ होतं, पण वेळ नव्हता. “दोरा संपला,” ती म्हणाली, “आलेच घेऊन.” आणि त्याची पँट हातावर टाकून, दार ओढून ती बाहेर पडली.

धक्का माणसांनी फुलून गेला होता. नवी बोट झेंड्यांनी आणि रंगीत कापडी पताकांनी नटली होती. नगराध्यक्ष त्यांच्या लहान नातीला घेऊन वर उभे होते, नगरसेवक त्यांच्यामागे, आणि समोर पांढऱ्या कोटात कप्तान, हातात माईक. त्याचं भाषण रंगात आलं होतं. “मला शहरातून मुलगी बोलावते, जावई बोलावतो. पण मित्रहो, मी कुठेही गेलो तरी मी ह्या गावाशी बांधील आहे! ह्या धक्क्याशी बांधील आहे! शेवटच्या श्वासापर्यंत बांधील राहीन!” टाळ्या पडल्या. टाचणीमास्तरांनी तर डोळे पुसले.

ती गर्दीतून वाट काढत मागच्या खुंटापाशी गेली. दोर तिथेच होता. जाडजूड, नवा, दोन वेढे घेऊन फास घातलेला. बोटीवर नगराध्यक्षांनी विचारलं, “खलाशी कुठंय?” तर कप्तान माईकमध्येच म्हणाला, “येईल सावकाश!” लोक हसले. बँडचा एवढा दणका चालला होता, की ‘मोकळं’ ऐकू येण्याची कप्तानानेही आशा सोडली असावी. त्याने टोपी सारखी केली आणि इंजिन चालू केलं.

तेव्हा तिची नजर त्या लहान मुलीकडे गेली. मुलगी कठड्याला धरून उभी होती, दोन्ही हातांनी, आणि खाली बघून हसत होती. पोलादी बोट आहे, बुडणार नाही, फार तर एक हिसका बसेल, हे सगळं तिने आधी ताडून बघितलं होतं. तरी तिचं मन कच खायला लागलं. पोर पडली, लागलं तर? ती एक पाऊल पुढे झाली. तोंड उघडलं. खरंच सांगणार होती ती.

कप्तानाने तिला बघितलं. मागे न बघणाऱ्या त्या माणसाने नेमकं तेव्हा मागे बघितलं, दोर नाही बघितला, ती बघितली.

“ए पनवती!” माईकमधून सगळ्या धक्क्यावर आवाज घुमला. “आजच्या दिवस तरी लांब उभी राहा बाई! तिकडे, सलूनपाशी जा!”

गाव हसलं. तेच हसणं, आता दात पडलेल्या तोंडांतून आणि त्यांच्या पोरांच्या तोंडांतून. तिचे कान तापले. मुलीला आजोबांनी उचलून कडेवर घेतलं होतं, तेवढं तिने बघून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि जाऊन सलूनच्या बाकड्यापाशी उभी राहिली.

बोट धक्क्यापासून सुटली. हातभर गेली, दोन हात गेली, आणि खुंटीला बांधलेलं वासरू हिसका खाऊन थांबतं तशी थांबली. नगराध्यक्ष नातीसकट खुर्चीत बसले. नगरसेवक एकमेकांवर कोसळले. कप्तानाची टोपी उडून पाण्यात पडली. त्याने इंजिन वाढवलं. इंजिन ओरडायला लागलं, काळा धूर निघाला, पाण्याचा चिखल झाला, आणि बोट तिथल्या तिथे. बँडवाल्यांनी एकेक करून वाजवणं थांबवलं. माईक चालूच होता. त्यातून कप्तानाचा धापा टाकणारा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, “काय झालं हिला? काय झालं?” इंजिनाचा दांडा ओढताना नव्या कोटाची खांद्याची शिवण टरकन उसवली, तेसुद्धा ऐकू आलं.

मग सवयीने त्याच्या तोंडातून आलं, “ती पनवती कुठंय? तिला म्हटलं होतं मी...”

सगळ्या माना सलूनकडे वळल्या. ती बाकड्यापाशी उभी होती, त्याने सांगितलं तिथेच, हातावर पँट. न्हाव्याने ओरडून सांगितलं, “ती इथे आहे, कप्तान! केव्हाची!”

कप्तान गप्प झाला. बोटीत दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. धक्का गप्प झाला. तिला कळलं, हीच ती घटका. तिने आवाज चढवला नाही, चढवायची गरजच नव्हती.

“बोट कशी हलेल?” ती म्हणाली. “तो गावाशी बांधील आहे ना. बांधील!”

लोकांनी तिच्याकडे बघितलं, मग खुंटाकडे बघितलं, मग तारेसारख्या ताणलेल्या त्या दोराकडे. कुठून तरी एक हसू फुटलं आणि बघता बघता सगळा धक्का हसण्याने दणाणून गेला. “बांधील! अहो बांधील! शेवटच्या श्वासापर्यंत!” टाचणीमास्तर ज्या रुमालाने डोळे पुसत होते त्यानेच पुन्हा पुसायला लागले. एवढ्यात दुकानाचं दार उघडलं आणि सावकाश बाहेर आला, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं उरलेलं छताचं कापड गुंडाळून. तो धावत खुंटापाशी गेला. कप्तानाने इंजिन बंद केलं तसा दोर सैल झाला. सावकाशने फास काढला, सवयीप्रमाणे खुंटावर थाप मारली आणि जीव खाऊन ओरडला, “मोकळं!” त्यानंतर मात्र कुणाला उभं राहवेना.

नाव चिकटलं. तिने इतकी वर्षं वाट बघितली त्याचं चीज झालं. दुधाच्या दुकानात, पोस्टात, बाकड्यावर, सगळीकडे. आदराने बोलणारे ‘बांधीलसाहेब’ म्हणायचे, ते तर ऐकायला आणखी गोड. वहिनी रोज संध्याकाळी नवीन काहीतरी घेऊन यायची. “वन्सं, आज उद्या सुताराने त्याला विचारलं, शहरात जाताय की अजून बांधील आहात? तोंड असं झालं होतं त्याचं!” ती आपली शिवत राहायची. पण जेवायला लागली होती, दोन घास जास्तच.

आठवड्याने कप्तान तिच्या दुकानाच्या पायरीशी आला. डोक्यावर टोपी नव्हती, हातात पिशवी, पिशवीत खांदा उसवलेला कोट.

“हा शिवून दे,” तो म्हणाला. गेला मात्र नाही. “जावयाचा फोन आला होता. म्हणतो, कधी येताय बांधीलसाहेब? जावई! तिथपर्यंत पोचलं. नात विचारते, आजोबा, बांधील म्हणजे काय?”

“मग सांगायचं होतंस.”

“हे बघ, झालं गेलं... तू माझ्या बोटीत बस. सगळ्यांसमोर. मी स्वतः त्या काठाला नेऊन आणतो. तुझं नाव पुसलं जाईल, मग माझंही लोक विसरतील.”

तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. “आणि तो दोर?”

“कुठला?”

“पहिला.”

तो पायरीकडे बघत राहिला. बोटीतल्या लोकांनी तेव्हा चपलांकडे बघितलं होतं, तसंच.

“धक्क्यावर उभं राहून सांगायचं,” ती म्हणाली. “दोर बांधलेला होता आणि मी मागे बघितलं नाही. एवढंच. मग बसते.”

तिला वाटलं होतं, हा येणार नाही. पण टोपणनाव माणसाला काय काय करायला लावतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत? दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला तो धक्क्यावर उभा राहिला आणि पुटपुटला. “मोठ्याने, बांधील, मागे ऐकू येत नाही!” लोक म्हणाले. मग त्याने मोठ्याने सांगितलं. दोर बांधलेला होता. चूक माझी. हिचा काही संबंध नव्हता. सावकाश बोटीवर मान खाली घालून उभा होता. म्हाताऱ्या बायका तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. तिने चांगले कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. तिच्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिने त्याला जवळजवळ माफ केलं होतं.

कप्तानाने हात पुढे केला. ती धक्क्याच्या कडेशी आली. बोट आणि धक्का यांच्यामध्ये वीतभर पाणी हलत होतं.

तिचा पाय उचलेना.

तिने पुन्हा प्रयत्न केला. पाय तिथेच. बोटीत बायकामुलं बसली होती. आपण पाय ठेवला आणि खरंच काही झालं तर? हे कुठून आलं ते तिला कळेना. तिला सगळं माहीत होतं, दोर माहीत होता, फास कुणी काढला तेही माहीत होतं, आत्ता सगळ्या गावाने कबुली ऐकली होती. तरी पाय ऐकत नव्हता. सावकाशच्या ते लक्षात आलं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, “ये गं. मोकळं आहे.”

सगळं गाव बघत होतं. तिने स्वतःला सावरलं, कप्तानाच्या पुढे केलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, “तुझ्या बोटीत? नको रे बाबा. आधी मागचा दोर बघ, बांधील.”

पुन्हा हशा पिकला. लोकांना वाटलं, शेवटचा वचपा काढला हिने. कप्तानाचा हात तसाच हवेत राहिला. ती वळली आणि घाईघाईने, कुणाकडे न बघता दुकानात आली. मागून वहिनी आली, धापा टाकत, आनंदाने लाल झालेली. “काय जिरवलीत हो त्याची, वन्सं! भर धक्क्यावर!”

“वहिनी, जरा दार लोटून घ्या,” ती म्हणाली.

वहिनी गेल्यावर ती बराच वेळ आपल्या उजव्या पायाकडे बघत बसली. सुरकुतलेला, शिवणयंत्राचा पायटा दाबून दाबून टाच कडक झालेला. ह्या पायाला त्याचा शब्द पटला होता. तिला नाही, पायाला. आई समोरच्या काठाला बोटीची वाट बघत गेली, आणि आता बोट दारात आली तरी हिला चढता येत नव्हतं. तिला रडू आलं. मग रडू थांबलं, आणि ज्याला तिने सकाळी जवळजवळ माफ केलं होतं त्याच्यावरचा तिचा राग परत जागेवर येऊन बसला.

तिने पिशवीतून पांढरा कोट काढला. खांद्याची शिवण दुहेरी मारून पक्की केली. मग कॉलर उलटी केली, ‘कप्तान’चा धावदोरा एका टोकाला धरून ओढला, आणि अख्खा शब्द एका झटक्यात निघून आला. तिने काळा दोरा ओवला, तोच, ज्याने ती वादळात टिकणारी छतं शिवायची. कॉलरच्या आत, जिथे त्याच्या मुलीला दिसेल, शहरातल्या धोब्याला दिसेल, आणि कधीतरी वाचायला शिकलेल्या नातीला दिसेल, तिथे तिने मोठ्या अक्षरात ‘बांधील’ घातलं. टाका असा घातला, की कुणी उसवायला गेलं तर कॉलर फाटावी.